फिलोमिनाचा डावा गुडघा

२१ ऑगस्ट १९५०, सोमवार. उमेळे

वही आज सुरू केली. हॅलम साहेबांची शिस्त अशी होती की रोगी दारातून आत आला की पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. कसा चालतो, कुठल्या बाजूला कलतो, बसताना कशाचा आधार घेतो. लंडनमध्ये सहा वर्षं मी त्यांच्या वह्या भरल्या. आता स्वतःची भरायची. अडचण एवढीच, की रोगी नाही.

गेल्या नोव्हेंबरात घरी आलो. नऊ महिन्यांत ओटीवर खोली काढली, पाटी रंगवली, टेबल करून घेतलं. पाटीवर ‘ऑस्टिओपॅथी’ लिहिलंय. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, हे कुणाचं नाव. टेबल रामू सुताराने केलं, साडेसहा फूट लांब, उंची मी उभा राहिलो की माझ्या मुठी टेकतील इतकी. झालं, गावात बातमी फिरली की जेम्सने मढं ठेवायचं टेबल केलंय. जिवंतपणी त्याच्यावर आडवं व्हायला कोणी तयार नाही.

शास्त्र तसं सोपं आहे. शरीर ही एकच वस्तू आहे, तिचे सुटे भाग नाहीत. दुखतं तिथंच दुखणं असेल असं नाही. मान धरली तर कंबर बघा, कंबर धरली तर पाऊल बघा. काम काय करता, झोपता कसे, श्वास कुठे अडतो, सगळं विचारा. मग हातांनी अडलेलं मोकळं करा. पुढचं शरीर आपलं आपण करतं. माझ्यावर हे होऊन गेलंय म्हणून मी बोलतो. एकेचाळीस साली गोदीत आमच्या बोटीवर बॉम्ब पडला आणि मी लोखंडी जिन्यावरून खाली आलो. दोन वर्षं पाठ धरून पडलो होतो. इस्पितळात म्हणाले, चाकांच्या खुर्चीची सवय करा. हॅलम साहेबांनी चार महिन्यांत उभा केला आणि हाताखाली ठेवून घेतला. पडल्यानंतरचे पहिले अकरा महिने मी घरी पत्र लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

बायकोचा, म्हणजे फिलोमिनाचा, डावा गुडघा दुखतो. तिच्यापासून सुरुवात करायची असं ठरवलं. तिचा पाय सुधारलेला गावाने डोळ्यांनी बघितला की बोलावं लागणार नाही. तिला सांगितलं तर ‘बघ बाबा’ म्हणाली आणि चुलीकडे गेली.

२६ ऑगस्ट, शनिवार

रोगी: फिलोमिना. वय चौतीस. मूल नाही. मी बोटीवर गेलो तेव्हापासून वाडी एकटीने केली. रहाट, केळी, पानवेल, आणि डोक्यावर केळ्यांचा हारा घेऊन वसई रोड स्टेशन. माझी आई गेली तेव्हाही घरात हीच होती.

साहेबांच्या यादीत तेवीस प्रश्न आहेत. तेवीसच्या तेवीस विचारले. उत्तरं अशी: हो, नाही, बरंय, काय ठाऊक. बायकोची तपासणी करणं सोपं नाही.

डावा गुडघा सुजलेला, वाकवताना आतून चरचरतो. दोन्ही गुडघ्यांची कातडी जाड आणि काळी पडलीय, निंदायला बसून बसून. डावं कमरेचं हाड अडलेलं. बसून उठताना डाव्या हाताने गुडघा धरते. निदान: हारा डोक्यावर उजवीकडे कलता घ्यायची सवय, त्यामुळे कंबर फिरली, त्यामुळे भार डाव्या पायावर. म्हणजे गुडघा बिचारा निरपराध आहे. कंबर सोडवली. हाड जागेवर आल्याचा आवाज झाला तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी मोडलंच.

२९ ऑगस्ट, मंगळवार

हॅलम साहेबांचं पत्र आलं. त्यांच्या बोटांत संधिवात शिरलाय. मला परत बोलावतात, हाताखाली नव्हे, बरोबरीने. बोटीचं तिकीट ते काढतील. पंधरा डिसेंबरच्या आत कळवायचं, बोट जानेवारीत.

काय करावं ते कळत नाही, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. इथे पाटी आहे आणि तिच्यावर कोळिष्टक. तिथे दारात रांग. पण पुन्हा गेलो तर दहा वर्षं तरी येणं नाही, हेही दिसतंय.

फिलोमिनाला पत्र वाचून दाखवलं, मराठी करून. ती भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तिकडं थंडी असंल ना?’ मी म्हटलं, असते. बस्स, एवढंच. तिला काही वाटलं असं दिसलं नाही. तेरा वर्षांत नवऱ्यावाचून राहायची सवय झाली असेल. तिला दोष देत नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

गुडघा पुन्हा सुजला. आठवड्याभरात केलेलं सगळं पाण्यात. नुसता सुजलेला नाही, आधीपेक्षा वाईट आहे. कातडीत बारीक खडीचे दाणे रुतलेत, ते चिमट्याने काढले. विचारलं तर म्हणाली, पडले. कुठे पडलीस? रस्त्यात. स्टेशनच्या रस्त्याला लोकलबोर्डाने खडी टाकून ठेवलीय, त्यावर हारा घेऊन चालायचं म्हणजे पडणारच. काल महिन्याचा पहिला शुक्रवार होता, देवळातल्या पहाटेच्या मिस्साला तर नेहमीसारखी न चुकता गेली होती, तोवर ठीक असावी. बहुधा दुपारी पडली.

हारा बंद केला. केळी स्टेशनला न्यायला रामूची गाडी सांगितली.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पहिला बाहेरचा रोगी! पाचूबंदरचा धर्मा, कोळी, वय पंचेचाळीस, बोटीवर सुकाणू धरतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मुंबईला जाऊन सुया घेतल्या, भगताकडे कोंबडं दिलं, मग इथे. टेबल बघून म्हणाला, ‘मेल्यावर झोपायचंच हाय, आजच झोपून बघतो.’ असा माणूस मला आवडतो.

खांद्याला मी हातही लावला नाही. आधी त्याला चालवलं. उजवी टाच टेकवतच नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं की सात वर्षांपूर्वी शिंगाळा माशाचा काटा टाचेत गेला होता. जखम भरली, पण पाऊल टेकवायची भीती भरली नाही. टाच टेकत नाही म्हणून कंबर वर उचललेली, कंबर उचललेली म्हणून बरगड्या डावीकडे, आणि सगळा जीव सुकाणूवरच्या एका खांद्यावर टाकायचा. त्याला म्हटलं, तुझा हात टाचेने धरून ठेवलाय. तो म्हणाला, ‘डॉक्टर, तुमी दारू कंची घेता?’

पाऊल, घोटा, कंबर मोकळी केली. टाच टेकवायचे व्यायाम दिले. लोकांना मात्र पी हळद नि हो गोरी असं लागतं. जाताना हात वर करून बघितला, गेला नाही, तोंड वाकडं केलं.

२३ सप्टेंबर, शनिवार

धर्माचा हात कानापर्यंत गेला. सकाळी ओटीवर येऊन वर केला, खाली केला, पुन्हा वर केला, आणि दोन पापलेट ठेवून गेला. जाताना पाटीवरून हात फिरवून गेला. मला बरं वाटलं, लपवत कशाला.

फिलोमिनाचा गुडघाही उतरलाय. सूज नाही, चरचर थोडी. काल विहिरीवरून येताना पाय ओढत नव्हती. तिला सांगितलं, हे बघ, हारा बंद केला आणि कंबर सुटली. ती म्हणाली, ‘तू म्हणतोस तर तसंच असंल.’

सणासाठी फादर ऑगस्टीनने देवळासमोरची खडी नवी करून घेतली. क्रुसापासून दरवाज्यापर्यंत सगळीकडे टोकदार खडी, चपलेतून टोचते. मी त्यांना म्हटलं की म्हाताऱ्यांचे घोटे मुरगळतील. ते म्हणाले, तुझा धंदा वाढेल.

७ ऑक्टोबर, शनिवार

गुडघा फुटबॉलसारखा. मला काही कळेनासं झालंय.

हारा नाही, रहाट नाही, निंदणी मी करतो. तरी दाणे रुतलेले, आज रक्तसुद्धा. पुन्हा म्हणे पडले. मी ओरडलो. म्हटलं, एवढी चांगली बाई सरळ रस्त्यावर महिन्यातून एकदा पडते कशी? सूज उतरायला तीन आठवडे लागतात आणि चढायला एक दिवस. चंद्राचा काही संबंध असेल का म्हणून पंचांग बघितलं. नाही. वाऱ्याचा? नाही. हिवाळी संधिवात? ऑक्टोबरच्या उन्हात? छे.

काल सकाळी तिचं लुगडं दांडीवर वाळत होतं, मिस्साहून येऊन लगेच धुतलेलं. बरी होती तर. म्हणजे दुपारनंतरच काहीतरी होतं. दुपारनंतर ती काय करते हे मला शोधलं पाहिजे.

८ ऑक्टोबर, रविवार

मिस्सा सुटल्यावर शेजारची बर्था भेटली. बर्था माझ्या आईची मैत्रीण, सत्तरीची, गावात कुणाचं काय चाललंय ते तिला आधी कळतं. मी गुडघ्याची तक्रार केली. म्हटलं, सगळ्या गावाची हाडं बसवीन म्हणतोय आणि घरातला एक पाय बसत नाही. ती म्हणाली, ‘जेम्सा, तू परत बोटीवर गेलास तर तिचा पाय बरा होईल.’

माझ्या तोंडावर! माझ्या उपचारापेक्षा मी नसलेला बरा, असं. आणि ती हसत नव्हती. मी तडक घरी आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात ते गावाला दिसायला लागलंय तर. धर्मासारखे दहा बरे केले तरी लोक माझ्या घरातल्या पायाकडेच बोट दाखवणार.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन रोगी, एक मान, एक कंबर. दोघांनी फिलोमिनाच्या पायाची चौकशी केली.

४ नोव्हेंबर, शनिवार

तिसऱ्यांदा. आता पडले असंसुद्धा म्हणाली नाही. मी विचारलंच नाही. शुक्रवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी मुद्दाम घरी होतो, ती तांदूळ निवडत बसली होती, कुठे हलली नाही. तरी संध्याकाळी गुडघा धरून उठली.

मला न जमणारं काहीतरी आहे हे कबूल करतो. साहेबांना कदाचित जमलं असतं. मी त्यांचे हात बघितले, डोकं बघितलं नाही. संध्याकाळी बसून पत्र लिहिलं: येतो, तिकीट काढा. पाकीट बंद केलं, पोस्टाचं तिकीट लावलं नाही. ते मेजावर आहे. फिलोमिनाने तिथला दिवा पुसला, पाकीट उचललं, खालची धूळ पुसली आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

जाण्याआधी एक शेवटचा प्रयत्न. तीन आठवडे अंथरूण. स्वयंपाक मी करणार, पाणी मी आणणार. बोटीवर शंभर माणसांचं वाढलंय, एका बाईचं जड नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

तीन आठवडे झाले. गुडघा बरा आहे! पूर्ण. सूज नाही, चरचर नाही, कातडीसुद्धा मऊ व्हायला लागलीय. कंबर सरळ. आज तिला अंगणात चालवलं, बर्थाच्या दारावरून मुद्दाम दोनदा. बर्था बघत राहिली. मला वाटलं आता काही बोलेल, पण तिने फिलोमिनाकडे बघून नुसती मान हलवली, आणि फिलोमिनाने डोळे खाली घातले.

या तीन आठवड्यांत आम्ही जेवढं बोललो तेवढं तेरा वर्षांत बोललो नसू. त्यात नुसती पत्रंच होती म्हणा. तिने मला भाकरी थापायला शिकवलं. माझी भाकरी बघून तिला हसू आलं, मग लगेच आवरलं. तिला तीळ घातलेली चिंचेची चटणी आवडते हे मला ठाऊकच नव्हतं.

पाकीट अजून मेजावर आहे. आता काय करायचं ते पुन्हा कळेनासं झालंय. गुडघा बरा झाला म्हणजे इथे राहायला हरकत नाही. आणि राहावंसं वाटतंय, खरं सांगायचं तर. शुक्रवारी तिला मिस्साला स्वतः घेऊन जाईन, फादरना दाखवीन.

१ डिसेंबर, शुक्रवार

जसं बघितलं तसं लिहितो.

साडेपाचला जागा झालो. ती नव्हती. म्हटलं, पुढे गेली, चालता येतंय म्हणून खुशीत गेली असेल. मी मागून निघालो. देवळाच्या आवारात पाच-सहा बायका होत्या, बर्था त्यांच्यात. उजाडत होतं.

क्रूस आणि दरवाजा यांच्या मध्ये, खडीवर, फिलोमिना गुडघ्यावर चालली होती. लुगडं वर खोचलेलं, गुडघे उघडे. आधी उजवा पुढे, मग डावा ओढून. डाव्यावर भार जास्त येतो, कारण उजव्या हातात जपमाळ आणि त्या बाजूला ती मोकळी राहते. दर चार-पाच पावलांना थांबते. कमरेतून उजवीकडे वळते. कंबर कशी फिरली याचं निदान मी ऑगस्टात केलं होतं. हारा नव्हता तो.

मी तिला उठवलं नाही. उठवायला नको हे मला कोणी सांगितलं नाही, पण कळलं. ती वेदीपर्यंत गेली तोवर मी दाराशी उभा होतो. नंतर बर्था जवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘नवस दुसऱ्याने बोलून दाखवायचा नसतो, जेम्सा. नाहीतर मी पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं.’

सगळ्या गावाला ठाऊक होतं. तेवीस प्रश्न. त्यात हा नव्हता. लंडनची माणसं गुडघ्यावर चालत नसतील, पण मी उमेळ्याचा आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा माझी आई अशीच गुडघ्यावर गेली होती, मी लहान होतो, बघितलं होतं. तरी मला सुचलं नाही.

घरी येताना तिला खांद्याचा आधार दिला. घरी आल्यावर मी पाणी तापवलं, गुडघे धुतले, दाणे काढले, आणि मला रडू आलं. हे लिहून ठेवतो.

२ डिसेंबर, शनिवार

आज तिने सांगितलं. मी बघितलंय म्हणून आता बोलायला हरकत नाही असं तिचं म्हणणं.

एकेचाळीसच्या नाताळाची गोष्ट. बोट बुडाली अशी बातमी वसईत आली होती. माझं पत्र नाही. कंपनीकडून कागद नाही. लोक तिला काळं नेसायला सांगायला लागले. नाताळच्या मिस्साला तिने क्रुसाशी नवस केला. नुसतं परत आण असा नाही. ती म्हणाली, ‘नुसतं परत आण म्हटलं असतं, तर आनला असता आनि परत नेला असता. म्हनून म्हटलं, तो घरात राहील तोवर दर पहिल्या शुक्रवारी क्रुसापासून वेदीपर्यंत गुडघ्यावर येईन.’

मी विचारलं, आणि सप्टेंबरात एकदम एवढं वाईट का झालं? तर म्हणाली, ऑगस्टात पाय फार दुखत होता, म्हणून त्या महिन्यात तिने क्रूस सोडून दरवाज्यापासून सुरुवात केली. आत फरशी असते, खडी वाचते. आणि महिना संपायच्या आत साहेबाचं पत्र आलं. तिला वाटलं, ही आपली चोरी देवाने पकडली. म्हणून सप्टेंबरापासून पुन्हा क्रुसापासून, तेही गुडघे उघडे करून.

मी हसलो नाही. तिला हे सांगावंच लागलं आणि सांगितलं: ते अकरा महिने मला पत्र लिहिता येत होतं. हातांना काही झालं नव्हतं. पाठ मोडलेला नवरा घरी कळवायची लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. एक ओळ लिहिली असती, जिवंत आहे एवढी, तर नवस झाला नसता.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल. ती म्हणाली, ‘लिहायचं होतंस रे.’ मग डोळे पुसले आणि भाकऱ्या करायला बसली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांच्या पाठी सोडवल्या, पण या वाक्याने माझी जी अवस्था झाली ती कुठल्या पुस्तकात नाही.

मी गेलो तर नवस संपतो. बर्था खरं तेच बोलली होती. मी राहिलो तर हा पाय दोन वर्षांत लाकडासारखा होणार, हे मला स्वच्छ दिसतं. कुठलाही ऑस्टिओपॅथ महिन्यातले सत्तावीस दिवस दुरुस्त करील आणि एक दिवस हरेल.

४ डिसेंबर, सोमवार

फादर ऑगस्टीनकडे दोघं गेलो. फादर साठीचे, कोरडे, हातात नेहमी झाडं छाटायची कात्री. त्यांना नवस माहीत होता. कुणाला सांगू नका असं तिने म्हटलं होतं, म्हणून गप्प होते. ते म्हणाले, बिशपांना विचारून नवस बदलून देता येईल, गुडघ्यांऐवजी गरिबांना जेवण, असं काहीतरी.

फिलोमिना नाही म्हणाली. शांतपणे. शब्द दिला तेव्हा भाव केला नव्हता, आता वस्तू मिळाल्यावर कसा करू, असं तिचं म्हणणं. फादरांनी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती उठून दारापर्यंत गेली, गुडघा धरून.

मी चिडलो. म्हटलं, फादर, दुखतंय तिला आणि दुखण्याचं कारण मी आहे. माझ्या शास्त्रात कारणावर इलाज करतात, दुखऱ्या जागेवर नाही. मग तिच्याऐवजी मी जातो गुडघ्यावर. चालेल का?

फादरांनी कात्री खाली ठेवली. मग फिलोमिनाला म्हणाले, ‘लग्नात तुम्हाला काय वाचून दाखवलं होतं? दोघं एकदेह होतील. मग गुडघे कुणाचे हे देव बघत बसेल असं मला वाटत नाही. बिशपांना मी लिहितो. रागावले तर माझ्यावर रागावतील.’

फिलोमिना दारात उभी राहून विचार करत होती. घरी येईपर्यंत विचार करत होती. घरी आल्यावर एकच अट घातली, ‘सगळं करायचं. क्रुसापासून. एक हातभर कमी नको.’

१० डिसेंबर, रविवार

मेजावरचं पाकीट फाडलं. दुसरं पत्र लिहिलं आणि काल स्वतः स्टेशनला जाऊन टाकलं. साहेबांना लिहिलं की येत नाही, घरी रोगी आहे, महिन्यातून एकदा माझी गरज पडते. जास्त समजावलं नाही. बोटांना गरम मेणाचा शेक द्या असंही लिहिलं.

धर्मा आला होता. त्याच्या भावाची कंबर धरलीय. टेबलावर झोपवला. कोणी मढ्याचं नाव काढलं नाही.

५ जानेवारी १९५१, शुक्रवार

रोगी: जेम्स. वय एकेचाळीस. जुनी पाठीची दुखापत.

क्रुसापासून वेदीपर्यंत मोजून त्रेपन्न पावलं. गुडघ्यावर ती किती होतात ते मोजायचं ठरवलं होतं, पण चाळिसाच्या पुढे आकडे राहिले नाहीत. पहिली दहा सोपी. पुढे खडी हाडाला लागते. पंधराव्याला पाठीतली जुनी जागा बोलायला लागली आणि मला वाटलं, आता इथेच. हे तिने तेरा महिने केलं, निम्मे सुजलेल्या पायाने, घरी येऊन स्वयंपाक केला आणि मी तिला विचारलं की तू रस्त्यात पडतेस कशी.

ती माझ्या बाजूने चालत होती, दोन्ही पायांवर, चपला हातात. तिला लाज वाटत होती, दिसत होतं. तिथल्या बायकांनाही कुठे बघावं कळत नव्हतं. मी थांबलो तेव्हा ती वाकली आणि म्हणाली, ‘हात मांडीवर ठेव. पोट आत घे. भार मागं टाक, गुडघ्यावर नको.’ तसं केलं तर जमलं. हे साहेबांनीही शिकवलं नव्हतं. दरवाज्यानंतर फरशी लागली, तिथे डोळे मिटून गेलो.

मी फार देवभोळा नाही. वेदीपाशी पोचल्यावर काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून अकरा महिन्यांची माफी मागितली. देवाची की फिलोमिनाची ते मलाच नीट ठाऊक नाही. दोघांची असेल.

घरी येऊन खाटेवर बसलो. फिलोमिनाने खोबरेल कोमट केलं आणि गुडघे चोळायला बसली. खालून वर चोळत होती, मी तिला चोळायचो तसं. मग साहेबाला काय लिहिलंस म्हणून विचारलं. पत्राच्या उत्तराबद्दल तिने तोंड उघडलं ते आज, चार महिन्यांनी. मी म्हटलं, येत नाही असं लिहिलं. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

‘आनि पुढच्या महिन्यात?’

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात पहिला शुक्रवार दोन तारखेला आहे. बघून ठेवलीय.

तेव्हा ती हसली, तोंडाला पदर न लावता. मग तेलाची वाटी उचलून, गुडघा न धरता उठली आणि चहा टाकायला गेली. मी दोन्ही गुडघे धरून तिच्या मागे गेलो.